ट्रॅक्टरचा नांगर : असमान नांगरट आणि जुळणी

ट्रॅक्टरला जोडलेला नांगर एक तास (नांगराने पडणारी चर) खोल आणि शेजारचा उथळ काढू लागला, किंवा दर फेरीला मातीचा उंचवटा सोडू लागला, तर ती नांगरट असमान समजली जाते. हा दोष घालवण्याच्या कामाला शेतकरी ‘नांगर सेट करणे’ म्हणतात. दोष दिसतो फाळापाशी, म्हणजे माती कापणाऱ्या पात्यापाशी, पण त्याचे मूळ बहुतेक वेळा नांगर ट्रॅक्टरला कसा टांगला आहे यात असते. म्हणून तपासणी ट्रॅक्टरच्या चाकांपासून सुरू करून शेवटी फाळावर यावी. आधीच फाळ बदलायला धावले तर पैसे जातात आणि नांगर पूर्वीसारखाच चालतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, बारामती, इंदापूर आणि दौंड तालुक्यांतल्या काळ्या भारी जमिनीत उसासाठी खोल नांगरट करतात. तिथे ही चूक लपत नाही. खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) मोडताना जो तास उथळ राहतो, त्यातली उसाची बुडखी जशीच्या तशी जमिनीत राहतात. पश्चिमेकडे मावळ-मुळशीच्या लहान भातखाचरांत कामाची रीतच वेगळी असल्याने हा प्रश्न तितका जाणवत नाही.

नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडलेला असतो : खाली दोन दांडे आणि वर टॉप लिंक, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारा तिसरा दांडा. ही जोडणी रूढ करणाऱ्या हॅरी फर्ग्युसन यांना तिचे पेटंट 1926 साली मिळाले. खालचे दांडे लिफ्ट रॉडने उचलले जातात आणि रॉडची लांबी आट्यांनी कमी-जास्त करता येते. मागच्या दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे ना, हे सगळ्यात आधी पाहावे. एका बाजूची हवा कमी असली तर पुढची सगळी मापे चुकतात.

खरी अडचण अशी की नांगरताना ट्रॅक्टर सपाट उभा नसतो. त्याचे एक चाक आधीच्या तासात असते. तास 25 सेंटिमीटर खोल असेल तर ती बाजू तेवढीच खाली जाते, पण नांगराची चौकट मात्र जमिनीला समांतर राहायला हवी. साध्या, न पलटणाऱ्या नांगरात उजवे चाक तासात चालते. म्हणून उजवा लिफ्ट रॉड आखूड करून ती बाजू उचलून घेतात. घरच्या अंगणात जुळणी करायची असेल तर डाव्या चाकांखाली तासाच्या खोलीइतक्या जाडीच्या फळ्या ठेवून चौकट सपाट करतात.

दोन फाळी नांगराचा पुढचा फाळ जास्त खोल जात असेल तर कारण दोनपैकी एक असते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. चौकट तासाकडे कलली असली तरी पुढचा फाळ खोल जातो आणि टॉप लिंक आखूड झाल्याने चौकटीने नाक खुपसले असले तरीही तेच घडते. नुसता तास पाहून यातला फरक कळत नाही. नांगर जमिनीत तसाच ठेवून, ट्रॅक्टर बंद करून खाली उतरावे. मागे उभे राहून फाळांचे पाय (चौकटीपासून फाळापर्यंत येणारे उभे दांडे) सरळ उभे आहेत की तिरपे, हे पाहावे. बाजूला बसून चौकट पुढे झुकली आहे का, हे पाहावे. पाय तिरपे असतील तर लिफ्ट रॉड फिरवायचा, चौकट झुकली असेल तर टॉप लिंक लांब करायची. मात्र लिंक फार लांब झाली तर नांगराची टाच दाबली जाते आणि फाळ जमिनीत शिरत नाही. एका वेळी एकच बदल करावा, वीस-पंचवीस मीटर चालवावे आणि हातातली उसाची टिपरी तासात उभी धरून नखाने खूण करत दोन्ही तास मोजावेत. पहिल्या तासावरून निष्कर्ष काढू नये. तेव्हा दोन्ही चाके न नांगरलेल्या रानावर असतात.

पलटी नांगरात, म्हणजे फेरीच्या शेवटी उलटा फिरवता येणाऱ्या नांगरात, जाताना उजवे आणि येताना डावे चाक तासात असते, त्यामुळे दोन्ही लिफ्ट रॉड समान लांबीचे ठेवतात. दोष जाताना आणि येताना सारखाच दिसला तर बहुधा टॉप लिंक चुकलेली असते. एकाच दिशेला दिसला तर रॉड असमान आहेत किंवा पलटल्यावर नांगर जिथे टेकतो तो त्या बाजूचा बोल्ट सरकला आहे.

खोली बरोबर असूनही दर फेरीला उंचवटा उरत असेल तर पुढच्या फाळाची रुंदी तपासावी. तो मागच्यापेक्षा कमी-जास्त रुंद माती कापत असतो. बाजूच्या साखळ्या कामात थोड्या ढिल्या हव्यात. ताणून बांधल्या तर नांगर ट्रॅक्टरच्या मागे सरळ येत नाही आणि स्टीअरिंग एका बाजूला ओढते.

एकाच तासात खोली लाटेसारखी बदलत असेल तर हायड्रोलिककडे, म्हणजे नांगर उचलणाऱ्या तेलाच्या दाबाच्या यंत्रणेकडे वळावे. तिच्यातला ड्राफ्ट कंट्रोल नांगराची ओढ वाढली की नांगर वर घेतो आणि मऊ जागी खाली सोडतो. जमीन कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत असेल तर त्याची संवेदनशीलता कमी करावी लागते.

एवढे करूनही फरक पडला नाही तर फाळ पाहावेत. पुरंदर, शिरूरच्या मुरमाड रानात ते लवकर झिजतात आणि दगडावर आदळून पाय वाकतो. नांगर सिमेंटच्या सपाट जागेवर टेकवला की वाकलेल्या पायाचे टोक अधांतरी राहिलेले दिसते. फाळ बदलताना सगळे एकदम बदलावेत, कारण जुन्याशेजारी नवा बसवला तर तोच खोल जातो. उचललेल्या नांगराखाली हात किंवा डोके घालून बोल्ट आवळणे जिवावर बेतू शकते. आधी नांगर जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे. जुळणी वापशावर (ना फार ओल्या, ना फार कोरड्या) असलेल्या रानातच करावी. ओल्या काळ्या मातीत नांगराच्या पानाला चिकटलेला चिखल ओढ वाढवतो आणि त्या दिवशी घेतलेली मापे रान सुकल्यावर जुळत नाहीत.