सौर घरदिवे: अडलं ते हप्त्यापाशी आणि बॅटरीपाशी

१९९५ मध्ये हरीश हांडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी बंगळूरमध्ये सौरदिवे विकणारी सेल्को ही कंपनी सुरू केली, तेव्हा सौरदिव्यांच्या संचाची किंमत एकरकमी भरणं शेतमजुराला शक्य नव्हतं. रॉकेलवर होणाऱ्या खर्चातून हप्ता मात्र निघत होता. म्हणून सेल्कोने कर्नाटकातल्या ग्रामीण बँकांना कर्जासाठी राजी केलं. हप्ता कमाई येईल तसा: रोज कमावणाऱ्याला रोजचा, शेतकऱ्याला सुगीनंतरचा. २००३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट बँकेमार्फत अशा कर्जांवर व्याजसवलतही दिली.

२०१० च्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये नाबार्डमार्फत ४० टक्के अनुदान आलं. त्यातला नेहमीचा संच म्हणजे ३७ वॅटचं पॅनेल, १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासांची बॅटरी आणि ९ वॅटचे दोन सीएफएल. रोज चार तासांना ७२ वॅट-तास लागतात. बॅटरीत ४८० मावतात, म्हणजे पावसाळ्यातले चारेक ढगाळ दिवस निभावतात. कागदावर.

प्रत्यक्षात बॅटरी उतरली की चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी पार रिकामी होऊ न देणारं उपकरण, दिव्यांची वीज तोडतो. घरच्यांना वाटतं तोच बिघडला. मग त्याला वगळून टीव्ही थेट बॅटरीला जोडला जातो. बॅटरी वारंवार तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि चार-पाच वर्षं चालणारी बॅटरी दोन पावसाळ्यांत बसते. डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचं पाणी घातलं तर त्याआधीच. वायरकडे तर कुणी बघतच नाही: १.५ चौरस मिमीच्या तारेतून दहा मीटरवर ५ अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन १.२ व्होल्ट वाटेतच जातात. बारा व्होल्टमधले.

अनुदान संच बसवण्यापुरतं होतं, दुरुस्तीला गावात माणूस नव्हता. आयआयटी मुंबईने २०१४ पासून विद्यार्थ्यांना १२० रुपयांत अभ्यासदिवे दिले, तेव्हा जोडणी आणि दुरुस्ती स्थानिकांनाच शिकवली; ही दृष्टी आधी यायला हवी होती. २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा संच, पाच एलईडी, एक डीसी पंखा आणि पाच वर्षांची देखभाल धरली गेली.

फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेने, म्हणजे छतावरची पॅनेल ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडण्याच्या योजनेने, बॅटरीच वगळली. एक किलोवॅटला ३० हजार अनुदान मिळतं, पण ते यंत्रणा चालू झाल्यावर. तोवर पैसे कुणी घालायचे? महाराष्ट्राच्या २०२५ च्या ‘स्मार्ट’ योजनेत एक किलोवॅटच्या सुमारे ५० हजारांच्या खर्चापैकी दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाने २,५०० भरायचे, राज्य १७,५०० देतं. तरी सावली न पडणारी शंभरेक चौरस फूट पक्की जागा लागते, आणि पत्र्याच्या घरात तीच नसते.

शिवाय लाइन गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टरही (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा) सुरक्षेसाठी बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. जिथे भारनियमन नेहमीचं आहे तिथे जुना १२ व्होल्टचा संच काढू नये; सीएफएलच्या जागी डीसी एलईडी लावले की त्याच बॅटरीवर दिवे जवळपास दुप्पट वेळ चालतात.