हवाई दलाची रसद आणि नागपूर : पार्श्वभूमी

नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे झीरो माइलच्या खांबापासून सुरुवात करत नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी 1821 मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसवली. तेव्हा फौजेचा दाणागोटा बैलांच्या तांड्यांवरून यायचा. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोचली आणि मालाची वाट बदलली. दुसऱ्या महायुद्धात सोनेगावच्या धावपट्टीवर ब्रिटिश विमानं टप्पा घ्यायची. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथे एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या शहरी परतायची. नागपूरचं रसदीतलं स्थान यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

आज नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाचं जे मुख्यालय आहे, ते 26 जानेवारी 1955 रोजी कानपूरला स्थापन झालं आणि पुढे नागपूरला आलं. त्याचं इंग्रजी नाव मेंटेनन्स कमांड. घोळ सुरू होतो तो इथेच.

आपल्याकडे मेंटेनन्स म्हटलं की बुधवारी वीज बंद राहण्याची सूचना आठवते, नाहीतर सोसायटीची मासिक वर्गणी. हिंदी पाटीवर ‘अनुरक्षण कमान’ असतं, आणि तो शब्द मराठी माणसाच्या कानाला काहीच सांगत नाही. वर्तमानपत्रं कधी ‘देखभाल विभाग’ लिहितात, कधी ‘दुरुस्ती विभाग’. दोन्ही अपुरे आहेत. दुरुस्ती हा या कामाचा एक भाग झाला. विमानाचा कोणता सुटा भाग कुठल्या कोठारात किती ठेवायचा, तो सरहद्दीवरच्या तळावर किती वेळात पोचायचा, कुठल्या इंजिनाचे तास भरत आलेत, ते कधी उतरवायचं, क्षेपणास्त्रं आणि रडार कामाला तयार आहेत का, हे सगळं त्यात येतं. माझ्या मते याला जुना ‘रसद’ हाच शब्द जवळचा आहे, फक्त त्यात कारागिरी मिसळलेली आहे. कमांडचं ब्रीदवाक्यही ‘सर्वदा गगने चरेत्’ असं आहे. त्यात दुरुस्तीचं नावही नाही, विमान कायम आकाशात राहावं एवढंच आहे.

दुसरा गैरसमज या मुख्यालयाला ‘तळ’ म्हणण्यातला. विमानं खोलली जातात ती नागपुरात नव्हे, तर कानपूर, चंडीगड, ओझर अशा ठिकाणच्या दुरुस्ती डेपोंत. सामानाची कोठारंही देवळालीसारख्या ठिकाणी विखुरलेली आहेत. नागपुरातून त्यांची सूत्रं हलतात.

या कामाचं मोल 1991 नंतर खऱ्या अर्थाने कळलं. सोव्हिएत संघ फुटला आणि एकाच विमानाचे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत जाऊन पडले. मिग विमानांसाठी सुटे भाग मिळेनासे झाले. तोच धडा एएन-32 मालवाहू विमानांनी पुन्हा दिला. 2009 मध्ये युक्रेनशी शंभराहून अधिक विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार झाला. चाळीस तिकडे आणि उरलेली कानपूरला करायची ठरली. 2014 मध्ये तिकडे संघर्ष पेटला आणि सामान अडकलं. म्हणूनच ओझरची गोष्ट महत्त्वाची. 2018 मध्ये तिथे संपूर्ण दुरुस्ती झालेलं पहिलं सुखोई-30 उडालं आणि लढाऊ तुकडीकडे परत गेलं. त्याचा जल्लोष नागपुरात झाल्याचं आठवत नाही, व्हायला हवा होता.

शहराशी या मुख्यालयाचा खटका उडाला तो जमिनीवरून. सोनेगाव विमानतळाला दुसरी धावपट्टी हवी, विमानतळालगतच्या मिहान या मालवाहतूक आणि उद्योगांच्या प्रकल्पाचं सगळं गणित तिच्यावर उभं, आणि वाटेत हवाई दलाची जमीन. बदल्यात मिहानमधली जमीन द्यायची ठरली, पण अदलाबदल वर्षानुवर्षं रखडली. त्या काळात ‘मेंटेनन्सच तर आहे, कुठेही हलवा’ असं मोठमोठी माणसंही सहज बोलून जायची. विमानतळ वाढायला हवा यात शंका नाही. पण धावपट्टी आणि मुख्यालय या शहरात आले ते एकाच कारणाने : इथून चारही दिशा सारख्याच लांब आहेत.