चुंबकाने मेमरी कार्ड पुसलं जात नाही

परभणीत माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात परवा एक ताई रडकुंडीला येऊन उभ्या राहिल्या. लेकीच्या लग्नाचे फोटो असलेलं कार्ड पर्समध्ये, आणि पर्सला चुंबकाचं बटण. "सगळं पुसलं असंल ना दादा?" कार्ड रीडरला लावलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे फोटो जागेवर!

हा समज कॅसेट-फ्लॉपीच्या काळातला. तिथे नोंद चुंबकीय लेपावर असायची, म्हणून चुंबकाची भीती खरी होती. मेमरी कार्डात, पेनड्राइव्हमध्ये फ्लॅश चिप असते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन ढकलले की नोंद होते, काढले की पुसते. तेही एकेक कप्पा नव्हे, कप्प्यांचा अख्खा गठ्ठा एकदम. चहूबाजूंनी इन्सुलेशन असल्याने लाईट नसतानाही इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं आत अडकून राहतात. पर्सच्या चुंबकाला ते दाद देत नाहीत.

जपायचं ते उन्हाला. उष्णतेत इलेक्ट्रॉन लवकर गळतात, आणि दर पुसण्या-लिहिण्याला इन्सुलेशन झिजतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड ठेवू नका. ताईंचे फोटो मी लगेच दुसऱ्या पेनड्राइव्हवरही उतरवून दिले.