अंगावरून वारं गेल्यानंतर : पुनर्वसन संशोधनाची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात घरातल्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला की 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. जे जायचे ते गेले, आता उरलेल्यावर भागवायचे, अशी समजूतही या शब्दांत मिसळलेली असते. वैद्यकशास्त्राचीही समजूत बराच काळ अशीच होती. प्रौढ मेंदूतील मज्जामार्ग स्थिर आणि अपरिवर्तनीय असतात, हे स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे मत अनेक पिढ्यांनी प्रमाण मानले.

या समजुतीला पहिला धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी लुडविग गुटमान यांनी 1944 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे स्वतंत्र विभाग सुरू केला, तर अमेरिकेत हॉवर्ड रस्क यांनी पुनर्वसनाला, म्हणजे गेलेली हालचाल आणि स्वावलंबन परत मिळवून देणाऱ्या उपचारांना, वैद्यकाची शाखा म्हणून उभे केले. भारतात 1955 मध्ये मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था स्थापन झाली. 1954 च्या रस्ते अपघातात कमरेखाली लुळ्या पडलेल्या डॉ. मेरी व्हर्गिस यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे रस्क यांच्या संस्थेत शिकून येऊन वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा वाहिली.

तरीही उपचार खरोखर लागू पडतो का, हे ठरवायला मापच नव्हते, कारण रुग्णाने 'बरं वाटतंय' म्हणणे आणि डॉक्टरने मान डोलावणे याला पुरावा म्हणता येत नाही. ग्लासगोचे जॉन रँकिन यांनी 1957 मध्ये परावलंबित्वाची श्रेणी मांडली, 1965 मध्ये महोनी व बार्थेल यांनी जेवणे, अंघोळ, कपडे घालणे, जिना चढणे अशा दहा कृतींना 100 गुणांत मोजले आणि 1975 मध्ये स्वीडनमधील फुगल-मेयर व सहकाऱ्यांनी हातापायांच्या हालचालींचे सविस्तर मोजमाप दिले. अशा मापांवाचून पुढच्या चाचण्या शक्य झाल्या नसत्या.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांत पाहिले की संवेदना गेलेला हात माकड वापरेनासे होते, पण चांगला हात बांधून ठेवला की तोच हात पुन्हा कामाला लागतो. याच तत्त्वावर अमेरिकेत 222 रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांपैकी एका गटाचा चांगला हात दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ हातमोज्यात अडकवून ठेवून दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास सराव करून घेतला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचा हात अधिक सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती. विडीच्या पानावर तंबाखू पसरून ते वळणाऱ्या निपाणीच्या बाईची बोटे डोळ्यांसमोर आणली, तर या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र प्रत्येक आशा चाचणीत टिकली नाही. झटक्यानंतर 24 तासांच्या आत रुग्णाला वारंवार उभे करावे, हा विचार पटण्याजोगा होता. 2,104 रुग्णांच्या चाचणीत 2015 मध्ये दिसले ते उलटेच, कारण चांगला परिणाम मिळालेले रुग्ण लवकर उभे केलेल्या गटात 46 टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात 50 टक्के होते.

आपल्याला सर्वांत जवळची चाचणी भारतातच झाली. फिजिओथेरपिस्ट तालुक्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा घरच्या माणसालाच व्यायाम शिकवून रुग्णालयातून पाठवावे, अशी तिची कल्पना होती. चौदा रुग्णालयांतील 1,250 रुग्णांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण घरच्यांना व्यायाम शिकवलेल्या आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत 47 टक्केच होते. सासऱ्याचा हात रोज सकाळी न चुकता वर-खाली करणाऱ्या सुनेच्या कष्टांना काहीच अर्थ नाही, असा याचा अर्थ मी घेत नाही. थोडक्या प्रशिक्षणावर सगळा भार तिच्या एकटीवर टाकून आरोग्य व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही, एवढे मात्र यातून नक्की दिसते.

बेळगाव जिल्ह्याला गावपातळीवरच्या चाचण्या नव्या नाहीत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या गोळीची 1,620 स्त्रियांवरील चाचणी येथेच परिचारिकांच्या हातून झाली आणि 2006 मध्ये तिने रक्तस्रावाचे प्रमाण 12 वरून 6.4 टक्क्यांवर आल्याचे दाखवले. पुनर्वसनाची चाचणी याहून अवघड असते, कारण गोळी घेतली की नाही हे मोजता येते, पण व्यायाम किती झाला आणि कसा झाला हे मोजणे कठीण जाते.

त्यात भाषेचा प्रश्न येतो. औषधचाचणीचे संमतिपत्र सहभागी माणसाला समजणाऱ्या भाषेत असावे, असे नियम सांगतात. सीमाभागात त्याचा अर्थ कन्नडबरोबर मराठीही असा होतो. मोजमापाच्या प्रश्नांचे नुसते भाषांतर मात्र पुरत नाही. बार्थेलच्या मापात अंघोळीसाठी टब किंवा शॉवर गृहीत आहे आणि जिन्याला दहा गुण आहेत. खानापूरकडच्या एकमजली कौलारू घरात जिनाच नसतो; तिथल्या रुग्णाला उंबरा ओलांडून न्हाणीपर्यंत जायचे असते, तांब्याने पाणी घ्यायचे असते आणि उकिडवे बसून आधाराशिवाय उठायचे असते.