अँब्युलन्समध्ये नर्स आली कशी?

अँब्युलन्सचं मूळ काम उचलून नेण्याचं. १७९० च्या दशकात फ्रेंच सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक लारे याने जखमींसाठी हलक्या घोडागाड्या सुरू केल्या, तेव्हाही मुख्य भर माणूस लवकर बाहेर काढण्यावरच होता. पुढची दीडेकशे वर्षं वाहनं बदलली, अपेक्षा फारशी बदलली नाही. अमेरिकेत तर १९६० च्या दशकापर्यंत अनेक गावांत अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांच्याच गाड्या रुग्णांनाही नेत. आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे, एवढं साधं कारण!

१९६६ मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञाने मोटारीच्या बॅटरीवर चालणारं डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणारं यंत्र) अँब्युलन्समध्ये चढवलं. वजन सुमारे ७० किलो. हृदयविकाराचे बरेच रुग्ण हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून उपचारच दारातून बाहेर काढायचा, हा त्यामागचा विचार.

मग गाडीत कोण बसणार? फ्रान्स-जर्मनीने डॉक्टर पाठवले, अमेरिका-ब्रिटनने पॅरामेडिक, म्हणजे डॉक्टर नसलेले पण तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी घडवले. नेदरलँड्समध्ये नर्स आणि ड्रायव्हर ही जोडी रुळली. स्वीडनमध्ये आधी अल्प प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी असत. २००५ पासून गाडीत औषधं देण्यासाठी नोंदणीकृत नर्स असणं नियमानेच आवश्यक झालं. (नर्स म्हटलं की बाईच डोळ्यांपुढे येते. अँब्युलन्सवर पुरुष नर्सही बरेच असतात.)

या नर्स स्वतःच्या कामाकडे कसं पाहतात, याची मुळं या इतिहासात आहेत. वॉर्डात शंका आली की विचारायला कोणी तरी जवळ असतं. इथे परक्याच्या घरात, घाबरलेल्या नातेवाइकांसमोर, अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा असतो. फोनवर डॉक्टर मिळतो, पण रुग्णाला पाहिलेलं असतं नर्सने. हे स्वातंत्र्य अनेकांना हवंसं वाटतं आणि तेच जडही वाटतं. शिवाय कंट्रोल रूमने सांगितलेलं आणि प्रत्यक्षात दिसलेलं यांचा मेळ बसेलच असं नाही, त्यामुळे वाटेत मनाची तयारी करायची आणि दारातून आत शिरताच ती बाजूला ठेवायची, हाही कौशल्याचाच भाग.

बाहेरच्यांना दिसतो तो सायरन. नेदरलँड्समध्ये तातडीच्या कॉलला १५ मिनिटांत पोचण्याचा निकष आहे, आणि सेवेचं मोजमाप अशा आकड्यांवर होत राहतं. माझ्या मते हे मोजमाप जुन्या, नेण्या-आणण्याच्या काळातलं आहे. प्रत्यक्षात बरेच कॉल जिवावर बेतलेले नसतात: एकटं राहणारं म्हातारं माणूस, जुनाट आजार, मानसिक अस्वस्थता. तिथे ऐकून घेणं, नीट तपासणं हेच काम, आणि नर्सिंगची मूळ शिकवण तिथेच कामी येते.

त्यातूनच आजचा अवघड प्रश्न उभा राहिला आहे: रुग्णाला हॉस्पिटलमध्ये न नेता घरीच राहू द्यायचं का? नेणं हा सुरक्षित निर्णय वाटतो, पण त्याने इमर्जन्सी विभाग भरतात. न नेण्यात चूक झाली तर जबाबदारी नर्सची. आणि घरी ठेवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे तिला बहुधा कोणी कळवत नाही. मग पुढच्या वेळी अंदाज सुधारायचा कशाच्या आधारावर?