इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड : एका विक्षिप्त जोडीची चाळीस वर्षं

१९६० च्या दशकात ब्रिटनभर फोक क्लबांचं, म्हणजे लोकसंगीताच्या अड्ड्यांचं, पेव फुटलं होतं. एक गायक, एक गिटार, गाणं शक्यतो परंपरेतलं, असा बहुतेक ठिकाणचा खाक्या. एडिंबरोतले रॉबिन विल्यमसन आणि क्लाइव्ह पामर सुरुवातीला याच वाटेवर होते. एकाच्या हाती फिडल, दुसऱ्याच्या हाती बँजो. १९६५ मध्ये जो बॉइड या अमेरिकी तरुणाने त्यांना ऐकलं. पुढे तो इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीत लागला आणि त्यांना शोधत परत आला, तोवर रॉक बँडमधून आलेला माइक हेरन त्यांना सामील झाला होता. पामर ग्लासगोच्या सॉकीहॉल स्ट्रीटवर रात्रभर चालणारा ‘क्लाइव्हज इन्क्रेडिबल फोक क्लब’ चालवायचा. पोलिसांनी तो लवकरच बंद पाडला, पण बँडला ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ हे नाव मिळालं ते त्या क्लबवरूनच.

१९६६ मध्ये पहिला अल्बम आला. त्यातल्या विल्यमसनच्या ‘ऑक्टोबर साँग’चं पुढे बॉब डिलननेही कौतुक केलं. अशा वेळी कोणताही बँड दौऱ्यावर निघाला असता. या तिघांनी मात्र आपापल्या वाटा धरल्या. पामर अफगाणिस्तान आणि भारताकडे निघून गेला, हेरन एडिंबरोतच राहिला, आणि विल्यमसन मैत्रीण लिकरिश मॅकेक्नी हिच्याबरोबर मोरोक्कोला गेला. खिसा रिकामा झाल्यावर तो परतला, तो तिकडची वाद्यं घेऊन. या बँडच्या विक्षिप्तपणाचं सगळं श्रेय त्या काळातल्या नशेला देऊन मोकळं होण्याची सवय अनेकांना आहे. मला ते पटत नाही. त्यांच्या आवाजाची खरी मुळं या मोरोक्कोच्या वारीत आहेत. तिथलं ‘गिम्ब्री’ हे तंतुवाद्य बोटांनी छेडून वाजवतात. विल्यमसनने त्याच्यावर गज फिरवला. ‘चायनीज व्हाइट’ या हेरनच्या गाण्यात गिटारमागून येणारा तो घोगरा, किंचित बेसूर स्वर नीट ऐका. पट्टीचा वादक असता तर तो असा वाजलाच नसता.

हे गाणं आहे १९६७ च्या ‘द ५००० स्पिरिट्स ऑर द लेयर्स ऑफ द अनियन’ या अल्बमवर. बँड आता हेरन आणि विल्यमसन या दोघांचाच होता. याच अल्बमवर ‘सोमा’ या टोपणनावाने सतार वाजवली आहे नझीर जयराजभॉय यांनी. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा ग्रंथ पुढे १९७१ मध्ये आला. सतार ही त्या काळात फॅशन झाली होती, पण इथे ती जाणकाराच्या हातात होती.

मार्च १९६८ मधला ‘द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर’ ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. आठ ट्रॅकच्या रेकॉर्डिंगमुळे दोन माणसांना एकावर एक दहा वाद्यं चढवता येऊ लागली होती, आणि या दोघांनी त्याचा पुरेपूर वापर केला. त्यातलं हेरनचं ‘अ व्हेरी सेल्युलर साँग’ सुमारे १३ मिनिटांचं आहे. बहामा बेटांवरच्या पिंडर कुटुंबाकडून आलेलं, मृताला निरोप देणारं एक भजन त्यात मध्येच उगवतं. नंतर चक्क अमीबा बोलू लागतो. आणि शेवटी सगळे मिळून पसायदानाच्या जातीचं एक मागणं मागतात. ते मागणं आज जगभरच्या कुंडलिनी योगवर्गांत म्हटलं जातं. गाणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचा उगम ठाऊक नसतो.

पुढे बँडमध्ये आलेल्या लिकरिश आणि हेरनची मैत्रीण रोझ सिम्पसन यांचा उल्लेख ‘मैत्रिणी’ म्हणून उरकला जातो, हे अन्यायाचं आहे. रोझ बँडमध्ये आल्यावर बास गिटार शिकली आणि मोठमोठ्या मंचांवर वाजवू लागली. तिच्या साध्या, न सजवलेल्या वादनाने या गाण्यांना जमीन दिली.

मग १९६९ चा वुडस्टॉक हा अमेरिकेतला प्रचंड संगीत महोत्सव. शुक्रवार, १५ ऑगस्टची रात्र फोक कलाकारांची होती. पाऊस आला, रविशंकर त्यातही वाजवत राहिले. विजेच्या वाद्यांच्या भीतीने स्ट्रिंग बँडने मात्र पावसात वाजवायला नकार दिला. त्यांच्या जागी तरुण मेलनी गायली आणि रातोरात प्रसिद्ध झाली. दुसऱ्या दिवशी यांना जागा मिळाली ती कीफ हार्टली बँड आणि कॅन्ड हीट यांच्या मध्ये. दणदणीत रॉकसाठी आसुसलेल्या गर्दीपर्यंत त्यांची नाजूक गाणी पोहोचलीच नाहीत, आणि महोत्सवावरच्या सिनेमातही त्यांना स्थान मिळालं नाही. विजेची वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या गिटारीवर गायला आपण त्यांना भाग पाडायला हवं होतं, ही खंत त्यांचा निर्माता आणि व्यवस्थापक असलेल्या बॉइडला कायम राहिली.

तोवर चौघेही सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाकडे वळले होते आणि स्कॉटलंडमधल्या इनरलेदनजवळ ग्लेन रो इथे एका ओळीतल्या छोट्या घरांत राहत होते. १९७० मध्ये ‘स्टोन मंकी’ या नृत्यसमूहाबरोबर त्यांनी ‘यू’ हा भव्य प्रयोग लंडनच्या राउंडहाउसमध्ये केला. माझ्या मते उतार इथूनच लागतो: गाणी नीटनेटकी होत गेली आणि कडेकपारी घासल्या गेल्या. रोझ १९७१ मध्ये गेली, लिकरिश १९७२ मध्ये. १९७४ मध्ये बँड मोडला.

विल्यमसन हार्प घेऊन कथाकथनाकडे वळला. पामरने मधल्या काळात ‘सीओबी’ (क्लाइव्हज ओरिजिनल बँड) या बँडबरोबर दोन सुंदर अल्बम केले होते. १९९९ मध्ये तिघे पुन्हा एकत्र आले. विल्यमसन २००३ मध्ये बाहेर पडला, तरी बाकीच्यांनी २००६ पर्यंत कार्यक्रम केले. पामर २०१४ मध्ये वारला. नव्याने ऐकणाऱ्याने ‘हँगमन’ऐवजी ‘५००० स्पिरिट्स’पासून सुरुवात करावी, त्यातली गाणी छोटी आहेत आणि दोघांचे स्वभाव वेगवेगळे ओळखू येतात.