नवीन प्राध्यापक म्हणजे नेमका किती नवीन?

शाळेत शिकवायचं तर डीएड नाहीतर बीएड लागतं. अंगणवाडीतल्या ताईंनाही आधी प्रशिक्षणाला बसवतात. बीएस्सीच्या वर्गावर मात्र माणूस एमएस्सी आणि नेट-सेट या पात्रता परीक्षांच्या जोरावर थेट उभा राहतो; हातात खडू, समोर ऐंशी पोरं. या प्रकाराचं काहीतरी केलं पाहिजे, असं गेली साठ वर्षं कागदावर म्हटलं जातंय. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये हा विषय काढा, गाडी दोन मिनिटांत स्थाननिश्चितीवर, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाण्यावर, येते. ती तिथेच का येते, त्याचा हा मागोवा.

जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३चं, मॉरिस कॉलेज १८८५चं, नागपूर विद्यापीठ १९२३चं. शिकवायला शिकवण्याची वेगळी सोय यांतल्या कुठल्याच टप्प्यावर नव्हती. स्वातंत्र्याच्या आगेमागे इथे इंग्रजीऐवजी मराठी-हिंदीतून शिकवायचं वारं आलं. इंग्रजी नोट्सवर वाढलेल्या मंडळींनी वर्गात उभ्या उभ्या परिभाषा जुळवली. भाषा बदलली, तयारी ज्याची त्याने केली.

१९४८-४९च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने सुट्टीतल्या उजळणी वर्गांची (रिफ्रेशर कोर्सची) शिफारस केली, पण ती शाळा आणि इंटरमीजिएटच्या शिक्षकांपुरती. खरं बोट ठेवलं ते १९६४-६६च्या कोठारी शिक्षण आयोगाने. नव्याने रुजू झालेल्या अधिव्याख्यात्याला आल्या आल्या तासांच्या ओझ्याखाली घालू नका, त्याला रुळायला वेळ द्या, त्याच्यासाठी उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन) घ्या, मोठ्या विद्यापीठांत तर यासाठी कायमचं स्टाफ कॉलेजच काढा, असा त्याचा सूर होता. ‘नव्याने रुजू झालेल्या’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा गुंता तिथून सुटत, किंवा खरं तर वाढत, गेलेला आहे.

त्यानंतरची वीस वर्षं पैसा दुसरीकडे गेला. उन्हाळी विज्ञान शिबिरं, एमफिल-पीएचडीसाठी शिक्षकांना पगारी रजा आणि फेलोशिप. यामागचा समज असा की विषय पक्का झाला की शिकवणं आपोआप येतं. ज्यांनी एखाद्या नामांकित संशोधकाच्या तासाला बसून जांभया दिल्या आहेत, त्यांना या समजाचं काय ते कळेल.

१९८६चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि पुढच्या वर्षी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजची, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रशिक्षण केंद्रांची, योजना. सुरुवातीला देशभरात ४८ केंद्रं, पुढे वाढत ६६. त्यांत नागपूरही आलं. त्याच १९८७ साली प्राध्यापकांचा देशव्यापी संप झाला, चौथ्या वेतन आयोगानंतरच्या श्रेण्या लागू झाल्या, आणि वरच्या श्रेणीत जाण्यासाठी ठरावीक प्रशिक्षण करण्याची अट त्याच व्यवहारात आली. पगार आणि प्रशिक्षण एकाच दाव्याला बांधलं गेलं ते तेव्हापासून.

हा निर्णय बरोबर होता का, यावर आजही दोन तट आहेत. बांधणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: अट नसती तर कुणी फिरकलंच नसतं. त्यात तथ्य आहे. सत्र चालू असताना प्राचार्य रिलीव्ह करत नाहीत, कारण तास घ्यायला दुसरं कुणी नसतं. उन्हाळ्यात जावं तर मूल्यमापन केंद्रावर पेपरांचे गठ्ठे वाट बघत असतात. शिवाय चार आठवडे घरापासून लांब. अशात केवळ हौसेने कोण येणार?

पण अट घातल्यावर काय झालं तेही बघा. उद्बोधन वर्ग कुणासाठी, याची केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांमधली व्याख्या साधारण अशी होती: सलग सहा वर्षांपर्यंत सेवा झालेले नवनियुक्त अधिव्याख्याते, आणि वरिष्ठ श्रेणीसाठी ज्यांना हा वर्ग करणं आवश्यक आहे ते सर्व. सहा वर्षं शिकवून झालेला माणूस नवीन! त्यानंतरचा तो ‘आणि’ तर व्याख्येलाच खाऊन बसला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९९८च्या नियमांनी वरिष्ठ श्रेणीसाठी सहा वर्षांची सेवा मागितली (एमफिलला पाच, पीएचडीला चार) आणि सोबत एक उद्बोधन वर्ग, एक उजळणी वर्ग. दोन वर्गांमध्ये किमान एक वर्षाचं अंतर हवं, आणि उद्बोधन आधी झालेलं हवं. मग हिशेब कुणालाही जमतो. माणूस पहिली तीन-चार वर्षं निवांत असायचा आणि स्थाननिश्चिती जवळ आली की अर्जाला लागायचा. ज्याने आजच वर्गात पाय ठेवलाय त्याला घाई नाही, कारण त्याची फाइल अजून उघडलेलीच नाही.

माझं स्वतःचं उद्बोधन सहाव्या वर्षी झालं, २००६च्या मे महिन्यात. चोवीस कामाचे दिवस, दिवसाला सहा तास, एकूण १४४ तास. दोन कूलर, त्यातला एक नुसता आवाज करायचा. सकाळी तर्री-पोहे खाऊन आलेली मंडळी दुपारी दोनच्या व्याख्यानाला कशी जागी राहत असतील, ते नागपूरचा मे पाहिलेल्यांनी समजून घ्यावं. सकाळी सही, जेवणानंतर परत सही. एका दिवशी पर्यावरण, दुसऱ्या दिवशी मानवी हक्क, तिसऱ्या दिवशी ताणतणावाचं व्यवस्थापन. वर्गात कसं उभं राहायचं याला एकूण १४४ तासांतले जेमतेम दहा-बारा मिळाले असतील.

त्या दहा-बारांतलीच एक दुपार मला अजून आठवते. सूक्ष्म अध्यापनाचं सत्र होतं. ही पद्धत साठच्या दशकातली, अमेरिकेतली: पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, मग सगळ्यांनी मिळून त्या पाठाची चिरफाड करायची. गडचिरोलीकडून आलेले वनस्पतिशास्त्राचे एक सर उठले. खिशातून कागदात गुंडाळलेली वाळलेली मोहफुलं काढली, टेबलावर ठेवली, आणि आमच्याकडे पाठ करून फळ्यावर आकृती काढायला लागले. आकृती सुरेख. बोलणंही मुद्देसूद. सात मिनिटं संपली. मागच्या बाकावर बसलेले एक निवृत्त ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, “सर, तुम्ही फार छान शिकवलंत, पण फळ्याला शिकवलंत. ही फुलं आणलीत ती कुणाच्या हातात दिलीच नाहीत.” हॉलमध्ये हशा पिकला. सर हसले नाहीत. चहाच्या वेळी मला म्हणाले, “सात वर्षं झाली राजेहो शिकवून. हे कोणी सांगितलंच नाही बा मला.”

हे पहिल्या वर्षी कळलं असतं, तर त्या सात वर्षांतल्या सगळ्या पोरांच्या हातात मोहफूल पडलं असतं. माझी या सगळ्या योजनेबद्दलची तक्रार एवढीच आहे, आणि ती प्रमाणपत्राबद्दल नाही.

प्रमाणपत्राची कथा पुढे आणखी वळणं घेत गेली. केंद्रांतल्या जागा मोजक्या, रांग मोठी, त्यामुळे अनुदान आयोगाने वर्ग पूर्ण करण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. वाढीव मुदतीत वर्ग केला तर पदोन्नतीची तारीख कुठली धरायची, पात्र झाल्याची की वर्ग संपल्याची, यावर फायली महिनोन्‌महिने फिरल्या. माझीही फिरली, कुठल्या टेबलावर ते सांगत नाही. राज्यात २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेटवाल्यांचा तर वेगळाच पेच: त्यांची सेवा धरायची कधीपासून हाच वाद असल्यावर वर्ग कितव्या वर्षी केला याला अर्थ काय उरणार?

२०१०च्या नियमांनी पदोन्नतीसाठी गुणांक आणले. दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला वीस गुण, एका आठवड्याला दहा. तेव्हापासून आपल्याकडे एफडीपीचं (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅमचं) पीक आलं. कॉलेजा-कॉलेजांत सात दिवसांचे कार्यक्रम, सातही दिवस उद्घाटन नाहीतर समारोप.

मग नावं बदलायला सुरुवात झाली, आणि इथे शब्दांचा घोळ इतका की नवख्याने कागद हातात घेतला तर चक्रावून जावं. २०१५च्या सुमारास स्टाफ कॉलेजचं मानव संसाधन विकास केंद्र झालं, २०२३मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. ‘ओरिएंटेशन’ला मराठीत उद्बोधन म्हणत होतो; कुठल्याशा परिपत्रकात ते अभिमुखता झालं. २०१८च्या नियमांत पदोन्नतीच्या पहिल्या टप्प्यासाठी अध्यापनपद्धतीचा २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स मागितला आहे. २०१९च्या अखेरीस ‘गुरुदक्षता’ नावाने नवनियुक्तांसाठी महिनाभराचा इंडक्शन कार्यक्रम आला. वरून २०२३नंतर नव्या शैक्षणिक धोरणाची माहिती देणारा आठ विषयांचा ऑनलाइन वर्ग, त्याच्याही नावात ओरिएंटेशन! त्यामुळे ‘माझं ओरिएंटेशन झालंय’ असं कुणी म्हणालं की आता विचारावं लागतं: कुठलं? ‘उजळणी’चं त्या मानाने बरं. पाढे म्हणायला बसल्यासारखं वाटतं खरं, पण शब्द निदान एकाच गोष्टीला चिकटून आहे.

गुरुदक्षतेच्या निमित्ताने ‘नवीन’ हा शब्द जवळजवळ साठच्या दशकातल्या अर्थावर परत आला, हे मान्य केलं पाहिजे. रुजू झाल्यावर लगेच, महिनाभर, भर शिकवण्यावर. पण काही महिन्यांतच कोविड आला, सगळं पडद्यावर गेलं आणि बरंचसं तिथेच राहिलं. फुलं हातात देण्याचा प्रश्नच मिटला. मागच्या बाकावरून कुणी काही बोलायचं तर आधी माइक चालू करावा लागतो.

आणि मुळात रुजू कोण होतंय? कायम भरती वर्षानुवर्षं रखडलेली. विदर्भातल्या कॉलेजांत आज नवा म्हणून जो वर्गात येतो तो बहुतेक वेळा तासिका तत्त्वावरचा. सहा वर्षांच्या व्याख्येतही हा बसत नव्हता. स्टाफ कॉलेजच्या जुन्या सूचनांत अशा तात्पुरत्या, अर्धवेळ शिक्षकांनाही परवानगी होती, पण कधी? किमान तीन शैक्षणिक वर्षं शिकवून झाल्यावर. शिवाय त्याची स्थाननिश्चिती होणार नाही, मग वर्गाच्या काळातला बुडालेला तास त्याने कशासाठी सोसायचा? तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही.

यंदाच्या जुलैत आमच्याकडे अशीच एक मुलगी आली. अकराला मुलाखत, साडेबाराला होकार. टाइमटेबल हातात देताना विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, बी. ए. प्रथम वर्ष, उद्या पहिला तास तुमचा.” तिने विचारलं, “सर, सुरुवात कुठून करू?” त्यांनी अभ्यासक्रमाची झेरॉक्स दिली.